प्राथमिक शाळा, ऑनलाइन साधने आणि केरळचा अनुभव

(शिक्षणविषयक अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या वर्गात संगणकाचे, पडद्याचे आणि इंटरनेटचे काम काय, हा प्रश्न आज देशातल्या प्रत्येक राज्यात विचारला जात आहे. त्याची दोन तयार उत्तरे प्रचारात आहेत. पहिले उत्तर विक्रेत्यांचे आहे. मुलाच्या हाती यंत्र द्या, त्यात धडे भरा, म्हणजे शाळा कशीही असली आणि शिक्षक असला-नसला तरी मूल शिकेल, असे ते सांगतात. दुसरे उत्तर धास्तावलेल्या सुशिक्षितांचे आहे. पडदा हा बालपणाचा शत्रू असून त्याला शाळेचा उंबरठा ओलांडू देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. या दोन्ही उत्तरांत एक दोष समान आहे. दोन्ही केवळ यंत्राकडे पाहतात. ते यंत्र कोणाच्या मालकीचे, कोणाच्या हातून चालते, कोणत्या भाषेत बोलते आणि ते बंद पडले तर कोणाचे मूल मागे राहते, हे प्रश्न ती विचारतच नाहीत.

कष्टकऱ्यांच्या मुलांच्या दृष्टीने नेमके हेच प्रश्न कळीचे आहेत. पहिली ते चौथीच्या वर्षांत मूल वाचू लागते, संख्येचा अर्थ त्याला उमगतो आणि आपल्याला शिकता येते हा आत्मविश्वास त्याच्या ठायी निर्माण होतो. या वर्षांत जे हुकते ते शिकवणी लावून भरून काढण्याची ऐपत मजुराच्या घरात नसते. म्हणून नव्या साधनांची चर्चा करावयाची तर ती प्राथमिक वर्गापासूनच केली पाहिजे, आणि ती हवेत न करता प्रत्यक्ष अनुभवाच्या आधारे केली पाहिजे. असा अनुभव केरळच्या सार्वजनिक शाळांनी २००१ पासून जमविला आहे. त्यात यश आहे, तसाच कडू धडाही आहे. दोहोंचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

अर्धशतकापूर्वीचा धडा

यंत्राच्या साह्याने खेड्यातील मुलांपर्यंत शिक्षण पोहोचविण्याची कल्पना आजची नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात भारताने उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा एक भव्य प्रयोग केला. 'साइट' या नावाने तो ओळखला जातो. आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसविण्यात आले. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम होत आणि सायंकाळी प्रौढांसाठी. तेलुगू, ओरिया, कन्नड आणि हिंदी अशा चार भाषांतून ते प्रसारित होत.

या प्रयोगातील दोन गोष्टी आजही ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट ही की संच कोणाच्या घरी नव्हता. तो शाळा, पंचायतघर अशा सार्वजनिक जागी होता. जमीनदाराचे मूल आणि शेतमजुराचे मूल एकाच संचासमोर बसत होते. जातीची आणि वर्गाची अंतरे त्यामुळे मिटली असे नव्हे. परंतु संच नाही म्हणून एखादे मूल धड्याला मुकले, असे तेथे होत नव्हते. दुसरी गोष्ट मालकीची. ज्या उपग्रहावर हा प्रयोग उभा होता तो अमेरिकेच्या अवकाशसंस्थेचा होता आणि एका वर्षापुरताच तो भारताला मिळाला होता. मुदत संपली, उपग्रह परत गेला आणि प्रक्षेपण थांबले. परक्याच्या साधनावर उभारलेली शाळा परक्याच्या मर्जीपर्यंतच चालते, हा धडा त्या वेळी मिळाला. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी भारताने खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा स्वतःचा उपग्रह अवकाशात सोडला, आणि त्याचाच आधार घेऊन २८ जुलै २००५ रोजी केरळमध्ये 'व्हिक्टर्स' ही शैक्षणिक वाहिनी सुरू झाली.

आधी शिक्षक, मग यंत्र

केरळमधील कामाचा आरंभ वाहिनीने झाला नाही. २००१ मध्ये तेथे 'आयटी अ‍ॅट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिले लक्ष शिक्षकांकडे देण्यात आले. शाळांतील शिक्षकांमधूनच प्रशिक्षक निवडले गेले आणि त्यांनी इतर शिक्षकांना तयार केले. बाहेरून आलेल्या कंपनीचा नोकर येऊन तासाभरात यंत्राची कळ दाखवून जातो आणि मग ते यंत्र मुख्याध्यापकांच्या खोलीत कापडाखाली झाकून राहते, हा प्रकार देशात अनेक ठिकाणी घडला आहे. केरळमध्ये तो बऱ्याच अंशी टळला, याचे श्रेय या क्रमाला दिले पाहिजे.

दुसरा मोठा निर्णय सॉफ्टवेअरविषयी झाला. सुरुवातीच्या वर्षांतील अभ्यासक्रम एका बड्या परदेशी कंपनीच्या प्रणालीभोवती रचला होता. म्हणजे सरकारी शाळेतील मूल संगणक शिकत होते असे म्हणण्यापेक्षा ते एका कंपनीचे भावी गिऱ्हाईक बनत होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरले असते. शिक्षक संघटनांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी याला हरकत घेतली. वाद झाला, आणि टप्प्याटप्प्याने शाळांतील सर्व संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आणण्यात आले. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे केवळ फुकट मिळणारे सॉफ्टवेअर नव्हे. त्याची आतली रचना कोणालाही पाहता येते, बदलता येते, आपल्या भाषेत आणता येते आणि दुसऱ्याला देता येते. शिक्षणासाठी लागणारी साधने एकत्र करून केरळने शाळांकरिता स्वतःची प्रणालीच तयार केली. या निर्णयामुळे सुमारे ३,००० कोटी रुपयांची बचत झाली, असा या प्रकल्पाचे काम पाहणाऱ्या 'काइट' या सरकारी कंपनीचा २०१९ मधील अंदाज होता. पैशाइतकाच महत्त्वाचा भाग हा की साधन कसे असावे, हे ठरविण्याचा अधिकार शिक्षकांकडे आला. दरम्यान राज्यात सरकारे बदलली, परंतु हा पाया कोणालाही उखडता आला नाही. कारण तो शिक्षकांच्या सवयीचा आणि कौशल्याचा भाग बनला होता.

याच पायावर पुढचे बांधकाम झाले. २०१८ मध्ये आठवी ते बारावीचे ४५,००० वर्ग संगणक व प्रक्षेपक यांनी सज्ज करण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि २०१९ मध्ये प्राथमिक शाळांतील संगणक-प्रयोगशाळांची पाळी आली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी हा टप्पा पूर्ण झाल्याची घोषणा केली तेव्हा एकूण १६,०२७ शाळा या योजनेत होत्या. त्यांपैकी ११,२७५ शाळा प्राथमिक व उच्च प्राथमिक होत्या. एकूण ३,७४,२७४ उपकरणे शाळांना देण्यात आली होती. सरकारी आणि अनुदानित शाळांत, सार्वजनिक पैशातून हे झाले, ही गोष्ट येथे अधोरेखित केली पाहिजे.

देशाच्या चित्राशी याची तुलना करून पाहावी. केंद्र सरकारच्या 'यूडायस प्लस' या नोंदींनुसार २०२३-२४ मध्ये देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. म्हणजे ऑनलाइन शिक्षणाच्या क्रांतीच्या घोषणा दुमदुमत असताना जवळजवळ निम्म्या शाळांच्या दारापर्यंत इंटरनेटची तार पोहोचलेली नव्हती.

वर्गात नेमके काय घडते

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. केरळमध्ये पहिली ते चौथीच्या मुलांसाठी 'कळिप्पेट्टी' या नावाचे पाठ्यपुस्तक आहे. कळिप्पेट्टी म्हणजे खेळण्यांची पेटी. नावातच दृष्टी स्पष्ट होते. संगणक हा येथे वेगळा, भीतिदायक विषय नाही. भाषा, गणित आणि परिसर अभ्यास शिकण्यासाठी मुलाच्या हाती दिलेले ते एक खेळणे आहे. चित्रे रंगविणे, आकृत्या जुळविणे, अक्षरांवरून शब्द तयार करणे, वस्तू मोजून गट पाडणे, अशा कृतींतून मूल शिकते. लहान मुलांसाठी तयार झालेले 'जीकॉम्प्रिस'सारखे मुक्त सॉफ्टवेअर अशा कामी फार उपयोगी पडते. ते एकदा संगणकावर घेतले की इंटरनेट नसतानाही चालते, त्यात जाहिरात नसते आणि ते मुलाची कोणतीही माहिती कोणाला विकत नाही.

शिक्षकांच्या बाजूने पाहावे तर 'समग्र' हे संकेतस्थळ आहे. प्रत्येक इयत्तेच्या प्रत्येक पाठासाठी चित्रे, ध्वनिफिती, लघुपट आणि पाठाचे नियोजन तेथे उपलब्ध असते. त्याचा उपयोग कसा होतो हे एका साध्या उदाहरणावरून समजेल. समजा, तिसरीच्या वर्गात पावसाच्या पाण्याचा पाठ चालू आहे. शिक्षिका पडद्यावर दोन मिनिटांचा लघुपट लावते. मध्येच ती तो थांबविते आणि विचारते, "आता हे पाणी कुठे जाईल?" मुले आपापसांत वाद घालतात. कोणी विहीर म्हणते, कोणी समुद्र. मग ती लघुपट पुढे चालविते. त्यानंतर पडदा बंद होतो आणि मुले अंगणात जाऊन उतार कोणत्या बाजूला आहे ते पाहतात. येथे शिक्षण कोठे झाले? लघुपटात थोडे झाले, परंतु खरे शिक्षण थांबविलेल्या त्या क्षणात आणि अंगणात झाले. लघुपट कोठे थांबवावा हे यंत्राला कळत नाही. मागच्या बाकावरील मुलगी आज गप्प का आहे, हेही त्याला कळत नाही. ते शिक्षिकेला कळते.

यावरून प्राथमिक वर्गातील साधनाची पारख करण्यासाठी एक साधी कसोटी मिळते. साधन वापरल्यानंतर मुले अधिक बोलू लागली, अधिक प्रश्न विचारू लागली, हातांनी अधिक काही करू लागली, तर ते साधन कामाचे. मुले गप्प बसून पाहत राहिली आणि शिक्षकाला हजेरीपटाखेरीज काही काम उरले नाही, तर ते साधन कितीही महाग असले तरी ते शिक्षणाचे साधन नव्हे.

या कसोटीला दुरून पुष्टी मिळते. पेरूमध्ये सरकारने शाळकरी मुलांना आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप दिला की बाकीचे आपोआप होईल, अशी त्यामागील धारणा होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळा तपासण्यात आल्या. मुलांच्या हाती संगणक मोठ्या प्रमाणावर आले होते हे खरे ठरले. परंतु भाषा आणि गणित या विषयांतील त्यांच्या प्रगतीवर त्याचा परिणाम आढळला नाही. शिक्षकाची तयारी आणि अभ्यासक्रमाशी सांधा यांच्याविना वाटलेले यंत्र खोक्यापेक्षा फारसे वेगळे ठरत नाही.

जून २०२०

परंतु केरळच्या अनुभवाची खरी परीक्षा शाळा बंद झाल्यावर झाली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभरातील शाळांना कुलपे लागली. १ जून २०२० रोजी, म्हणजे शाळा नेहमी उघडते त्याच दिवशी, केरळने 'फर्स्ट बेल' या नावाने व्हिक्टर्स वाहिनीवरून वर्ग सुरू केले. पहिलीच्या मुलांना दोन मांजरांची गोष्ट रंगवून सांगणारी एक शिक्षिका पहिल्याच दिवशी घराघरांत पोहोचली. काही टवाळखोरांनी समाजमाध्यमांवर शिक्षिकांची चेष्टा केली; परंतु जनतेने त्यांची बाजू घेतली. तमिळ आणि कन्नड माध्यमाच्या मुलांसाठीही धडे तयार करण्यात आले. देशातील अनेक राज्ये चाचपडत होती तेव्हा एका राज्याच्या सार्वजनिक शाळा स्वतःची वाहिनी, स्वतःचे शिक्षक आणि स्वतःचे धडे घेऊन उभ्या राहिल्या, ही सामान्य गोष्ट नव्हती.

तथापि त्याच दिवशी एक भयंकर घटना घडली. राज्याच्या उत्तर भागातील एका रोजंदारी मजुराच्या शाळकरी मुलीने आपले जीवन संपविले. घरातील दूरदर्शन संच नादुरुस्त होता, मोबाइल नव्हता, आणि वर्गाला आपण मुकणार या विचाराने ती खचली होती, असे घरच्यांनी सांगितले. साऱ्या राज्याला या घटनेने हादरा बसला.

ज्यांच्या घरी दूरदर्शन नाही आणि इंटरनेटही नाही अशा मुलांची संख्या सुमारे २ लाख ६१ हजार असल्याचे पाहणीतून आधीच दिसले होते. म्हणूनच पहिले दिवस चाचणीचे ठेवून तेच धडे पुन्हा दाखविण्याचे ठरले होते. म्हणजे माहिती होती, योजनाही होती. परंतु मुलापर्यंत ती पोहोचण्यापूर्वी घंटा वाजली. हे कठोरपणे मान्य केले पाहिजे. चाचणी ही प्रशासनाच्या लेखी चाचणी असते. ज्या मुलीचे घर अंधारात आहे तिच्या लेखी तो शाळेचा पहिला दिवस असतो, आणि त्या दिवशी ती एकटी असते.

यानंतर जे घडले तेही नोंदविले पाहिजे. युवक, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या संघटना, ग्रंथालये, सहकारी संस्था आणि स्थानिक स्वराज्य संस्था झपाट्याने कामाला लागल्या. 'डीवायएफआय'ने घरोघर दूरदर्शन संच पोहोचविण्याची मोहीम काढली. वाचनालये, अंगणवाड्या आणि समाजमंदिरे यांत शेजारपाजारची मुले एकत्र बसून धडे पाहू लागली. काही आठवड्यांतच वंचित मुलांची संख्या झपाट्याने खाली आली. हे घडू शकले, कारण ग्रंथालय चळवळीची आणि साक्षरता चळवळीची दीर्घ परंपरा त्या भूमीत होती. संच दुकानातून आणता येतो. परंतु तो कोठे ठेवावा, कोण उघडेल, कोणते मूल आले नाही हे कोण पाहील, यासाठी माणसांची संघटना लागते, आणि ती ऐनवेळी विकत मिळत नाही.

केरळमध्ये प्राथमिक शाळा पुन्हा उघडल्या त्या १ नोव्हेंबर २०२१ रोजी. याचा अर्थ असा की जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेले मूल प्रत्यक्ष वर्गात पहिल्यांदा बसले ते दुसरीत असताना. दरम्यान त्याला उत्तम धडे पाहावयास मिळाले होते. परंतु पेन्सिल कशी धरावी हे शेजारी बसून दाखविणारा हात, चुकलेले अक्षर पुसून पुन्हा काढावयास लावणारी बाई आणि डबा वाटून खाणारा सोबती यांची जागा कोणताही धडा घेऊ शकला नव्हता. सर्वांत चांगल्या सार्वजनिक तयारीच्या राज्यातही ऑनलाइन वर्ग हा शाळेला पर्याय ठरला नाही. मग ज्या राज्यांत अशी तयारीच नव्हती तेथील मजुराच्या मुलांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते. साथीच्या आधी, २०१७-१८ मधील राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार, ग्रामीण भारतात इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे १४.९ टक्के होती आणि संगणक असलेली अवघी ४.४ टक्के. या परिस्थितीत 'घरबसल्या शिका' ही घोषणा म्हणजे बहुसंख्य मुलांना शाळेबाहेर काढण्याची सभ्य भाषा होती.

बाजाराचा डाव

साथीच्या काळात एक नवा बाजार फुलला. खाजगी कंपन्यांनी आईबापांच्या भीतीचे भांडवल केले. आपले मूल मागे पडेल या धास्तीने कर्ज काढून शिकवणीचे पॅकेज घेणारी कुटुंबे देशभर दिसू लागली. शाळा उघडल्या, मागणी ओसरली, आणि ज्यांच्या जाहिरातींनी दूरदर्शनचे पडदे व्यापले होते त्या उद्योगात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. नफ्यासाठी आलेले भांडवल नफा आटताच निघून जाते. प्राथमिक शाळा मात्र तेथेच उभी असते, कारण गावातील मुले तेथेच असतात.

या बाजाराची दुसरी किंमत पैशात मोजली जात नाही. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी साथीच्या काळात शिफारस केलेली १६४ ऑनलाइन शैक्षणिक साधने तपासली. त्यांतील १४६ साधने मुलांची माहिती अशा रीतीने हाताळत होती की मुलांच्या हक्कांना बाधा पोहोचत होती किंवा पोहोचण्याचा धोका होता. मूल कोठे आहे, काय पाहते, किती वेळ पाहते, ही माहिती जाहिरातदारांच्या हाती जात असल्याचे आढळले. सात वर्षांच्या मुलाने बेरीज चुकविली तर ती चूक पाटीवरून पुसली जात असे. आज ती कोठेतरी कायमची नोंदली जाते आणि मुलाला त्याची जाणीवही नसते. भारतात २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मज्जाव करणारे कलम आणले आहे. परंतु कायद्याचे कलम आणि वर्गातील वास्तव यांमधील अंतर जागरूक पालकच भरून काढू शकतात.

भाषेचा प्रश्न

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कार्यकर्त्यांना एक मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही, आणि तो म्हणजे भाषेचा. बहुतेक ऑनलाइन साहित्य इंग्रजीत किंवा हिंदीत असते. मुलाची घरची भाषा, शाळेची भाषा आणि पडद्याची भाषा जर तीन निरनिराळ्या असतील तर पहिलीतील मूल धडा पाहते, परंतु त्याला अर्थ लागत नाही. केरळमध्ये मलयाळम भाषा संगणकावर सुरळीत वापरता यावी यासाठी 'स्वतंत्र मलयाळम संगणन' या गटाच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे विनामूल्य श्रम केले. मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळेच ते शक्य झाले. कंपनीच्या बंद प्रणालीत एखादी भाषा यावयाची तर त्या भाषेची बाजारपेठ किती, हा प्रश्न आधी विचारला जातो.

याचे एक उदाहरण महाराष्ट्रातीलही आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत छापून त्यांच्या मागे कविता, गोष्टी आणि धडे यांच्या ध्वनिफिती व चित्रफिती जोडल्या. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. जगभर गाजावाजा झाला तो संकेतांचा. परंतु त्यापूर्वीची पायरी अधिक महत्त्वाची होती. वर्गातील मुलींची घरची भाषा कन्नड असल्याचे पाहून या शिक्षकाने आधी ती भाषा शिकून घेतली. यंत्र नंतर आले. आधी शिक्षक मुलांच्या भाषेपर्यंत चालत गेला.

काय करावयास हवे

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा : ऑनलाइन साधन प्राथमिक शिक्षणाला बळ देऊ शकते, परंतु त्यासाठी ते शाळेच्या मालकीचे, शिक्षकाच्या हातातील, मुलाच्या भाषेतील आणि सर्व मुलांना समान उपलब्ध असले पाहिजे. यांपैकी एक अट जरी तुटली तरी तेच साधन विषमता वाढविते.

या निष्कर्षावरून कामाची दिशा मिळते. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. अनेक ठिकाणी या समित्या कागदावरच आहेत. कार्यकर्त्यांनी त्या जिवंत केल्या पाहिजेत. समितीच्या बैठकीत साधे प्रश्न विचारावेत. शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? विजेचे बिल कोण भरते? संगणक असेल तर तो आठवड्यातून किती तास मुलांच्या हाती येतो? तो बिघडला तर दुरुस्ती कोण करते? वर्गात कोणते अ‍ॅप वापरले जाते आणि ते मुलांची कोणती माहिती घेते? गृहपाठ मोबाइलवर पाठविला जात असेल तर ज्या घरी मोबाइल नाही, किंवा एकच आहे आणि तो घेऊन बाप कामावर जातो, त्या घरातील मुलाने काय करावे?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. प्राथमिक वर्गातील कोणताही अभ्यास असा असू नये की जो घरच्या यंत्रावर अवलंबून आहे. यंत्राचे काम शाळेत, शाळेच्या वेळात, सर्वांसमक्ष व्हावे. आणि शाळेबाहेर ते लागणारच असेल तर त्याची सोय वाचनालयात किंवा समाजमंदिरात सामुदायिक रीतीने व्हावी. १९७५ मध्ये खेड्यातील सार्वजनिक संचाने जे शिकविले आणि २०२० मध्ये केरळमधील वाचनालयांनी जे पुन्हा सिद्ध केले, ते हेच.

शिक्षकांच्या रिकाम्या जागांचा प्रश्न या साधनांच्या नावाखाली झाकू देता कामा नये. एक पडदा लावून दोन शिक्षक कमी करण्याचा विचार जेथे जेथे डोके वर काढील तेथे तेथे पालक आणि शिक्षक यांनी एकत्र येऊन त्याला विरोध केला पाहिजे. त्याचबरोबर शिक्षकांनीही नव्या साधनाकडे पाठ फिरविता कामा नये. जे साधन शिक्षक आपलेसे करीत नाही ते कंपनी आपलेसे करते.

२०२० च्या त्या पहिल्या घंटेची आठवण कार्यकर्त्यांनी जपली पाहिजे. गावात, वस्तीत, चाळीत जेव्हा एखादी नवी योजना येईल तेव्हा तिच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी एकाने तरी शेवटच्या घरापर्यंत चालत जावे आणि तेथील मुलाकडे उद्याच्या वर्गाची सोय आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे. घंटा त्यानंतर वाजवावी.